छायाचित्राच्या पाठीवरची नावे

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंपापाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या आणि त्यांनी गावेच्या गावे धुऊन नेली. पाणी ओसरल्यावर सैनिक, अग्निशमन दलाचे जवान आणि स्वयंसेवक ढिगारे उपसू लागले. माणसांचा शोध हे अर्थातच पहिले काम होते. परंतु त्या चिखलात जागोजाग छायाचित्रे आणि अल्बमही सापडू लागले, तेव्हा ते केराबरोबर टाकून देण्याचे कोणाच्या मनात आले नाही. ते वेगळे काढून ठेवण्यात आले. मियागी प्रांतातील यामामोतो या एका लहानशा गावात अशी सुमारे साडेसात लाख छायाचित्रे गोळा झाली. स्वयंसेवकांनी ती हलक्या हाताने पाण्यात धुतली, वाळवली, त्यांची नोंद केली आणि लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवली. घरदार गमावलेली माणसे तेथे येत आणि त्या लाखो चेहऱ्यांत आपला एखादा चेहरा शोधत बसत.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर जुन्या छायाचित्राची किंमत जवळजवळ शून्य आहे. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्याने थंडीवारा निवारत नाही. तरीही सर्वस्व गेलेल्या माणसाला ते परत हवे असते. माणसे छायाचित्रे का काढतात आणि काढलेली का जपतात, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ हौसेचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. आज तर त्याला एक निकड आली आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रोज किती छायाचित्रे निघतात याची गणना करणेही कठीण झाले आहे. आणि त्याच वेळी घरोघरी माळ्यावरच्या ट्रंकांत, कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या छायाचित्रांतील माणसे एकामागून एक अनोळखी होत चालली आहेत.

प्रतिमेचा अधिकार

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी आपली प्रतिमा मागे ठेवून जाण्याचा अधिकार फार थोड्यांना होता. राजेरजवाडे, सरदार, मोठे सावकार चित्रकाराला बोलावून तसबीर काढून घेत. कुणबी, कोष्टी, कारकून किंवा शिक्षक यांचा चेहरा त्यांच्याबरोबरच नाहीसा होई. मुलाला बाप आठवे, नातवाला आजोबा अंधूक आठवत, पणतूजवळ केवळ एक नाव उरे. ऑगस्ट १८३९ मध्ये दागेर याची कृती फ्रेंच सरकारने जगासाठी खुली केली आणि या स्थितीत पालट होण्यास सुरुवात झाली.

ही विद्या हिंदुस्थानात येण्यास फार काळ लागला नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांत अग्रेसर होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. युरोपात उगवलेल्या या कलेला इकडच्या सुशिक्षितांनी इतक्या लवकर हात घालावा, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु कॅमेरा आला म्हणजे सर्वांना प्रतिष्ठा आली असे मात्र झाले नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड प्रसिद्ध झाले. देशभरातील जाती-जमातींची छायाचित्रे त्यांत आहेत. त्यातील सामान्य माणूस कॅमेऱ्यापुढे उभा आहे तो स्वतः म्हणून नव्हे, एका जातीचा नमुना म्हणून. छायाचित्राखाली जात आहे, प्रदेश आहे, स्वभावाविषयी राज्यकर्त्यांचे शेरेही आहेत; त्या माणसाचे नाव मात्र क्वचितच आहे. चेहरा उरला आणि माणूस गेला. त्या खंडांची पाने उलटताना वाचकाच्या मनाला जी रुखरुख लागते तिचे मूळ येथे आहे.

याच्या उलट एक छायाचित्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. लुगडे नेसलेल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. छायाचित्राखाली तिघींची नावे आणि त्यांचे देश लिहिलेले आहेत. स्पेलिंग अचूक नाही, पण नावे आहेत. पुढे मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. रुग्णसेवा करण्याची संधी त्यांना लाभली नाही. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आजची एखादी शाळकरी मुलगी ते छायाचित्र पाहते तेव्हा तिला तीन परदेशी वेषांतल्या अनाम स्त्रिया दिसत नाहीत. तिला आनंदीबाई दिसतात. सरकारी खंडांतला कॅमेरा आणि फिलाडेल्फियातला कॅमेरा यांच्या यंत्रात फारसा फरक नव्हता. फरक पडला तो खाली लिहिलेल्या एका ओळीने.

पडद्यापुढचा माणूस

मराठी भाषेत छायाचित्रासंबंधी एक गमतीचा प्रयोग आहे. स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहून कळ दाबणारा फोटो काढतो, हे ठीकच. पण त्याच्यापुढे खुर्चीवर बसलेले कुटुंबही घरी येऊन ‘आम्ही आज फोटो काढला’ असेच सांगते. व्याकरणाच्या दृष्टीने यात गोंधळ वाटेल. व्यवहाराच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. फोटो ज्याचा निघतो त्याचा असतो. छायाचित्रकाराने काच, प्रकाश आणि रसायन पुरवले. पण कोणते कपडे घालायचे, कोणी बसायचे, कोणी मागे उभे राहायचे, हा निर्णय घरातला असे.

या निर्णयात पुष्कळ काही दडलेले असे. तालुक्याच्या गावातील स्टुडिओत मागे बागेचा किंवा जिन्याचा रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी, हाताशी एक उंच स्टूल. मुलाच्या अंगावर सैल होणारा नवा सदरा, बापाच्या डोक्यावर टोपी, मनगटावरचे घड्याळ दिसावे अशा बेताने ठेवलेला हात. चेहरे बहुधा गंभीर. जुन्या काळी प्रकाश घेण्यास कॅमेऱ्याला वेळ लागे आणि हलले तर चित्र पुसट होई. मान स्थिर राहावी म्हणून काही स्टुडिओंत मागून लोखंडी आधार लावीत. पुढे यंत्र वेगवान झाले तरी गांभीर्य टिकले, कारण प्रसंगच गंभीर होता. हे चित्र आपल्या मागे उरणार आहे, याची जाणीव त्या बसण्यात होती.

क्रिस्टोफर पिनी या अभ्यासकाने मध्य प्रदेशातील नागदा या गावच्या स्टुडिओंचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण रोज जसे दिसतो तसे दिसावे यासाठी तेथले लोक स्टुडिओत जात नाहीत, असे त्यांना आढळले. आपण असू शकलो असतो तसे दिसावे, यासाठी ते जातात. ही गोष्ट नागद्याइतकीच लालबाग-परळला, इचलकरंजीला किंवा सावंतवाडीला लागू पडावी. मुंबईच्या गिरणीत साचे सांभाळणारा कामगार कोकणातल्या घरी फोटो पाठवी तो कापसाची धूळ अंगावर असलेला नव्हे. इस्त्रीच्या कपड्यांतला, केस चापून बसवलेला. त्यात खोटेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या फोटोत एक निरोप होता: मी येथे बरा आहे, काळजी करू नये.

सर्वच फोटो असे स्वेच्छेचे नसत, हेही नमूद केले पाहिजे. लग्नासाठी मुलीचा फोटो काढला जाई तेव्हा पडदा तोच, खुर्ची तीच. पण ते चित्र अनोळखी घरांत हातोहात फिरणार आणि नकारासह परत येणार, ही धास्ती तिच्या डोळ्यांत राहून जाई. त्याच स्टुडिओत दोन-तीन वर्षांनी डोहाळजेवणाची वाडी भरलेली तीच मुलगी फुलांच्या दागिन्यांत बसे, तेव्हा चेहऱ्यावरचा फरक सांगावा लागत नसे. एका कुटुंबाचे सामाजिक स्थान, आकांक्षा आणि धाकधूक ही अशी चारदोन चौकटींत सापडतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा नसते.

बारा फोटोंचा रोल

स्टुडिओतला कॅमेरा घरात आणण्याचे श्रेय अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमन यांच्याकडे जाते. १८८८ मध्ये त्यांनी शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. फिल्म संपली की ग्राहकाने अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. तेथे फोटो तयार होत आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत येई. १९०० मध्ये त्यांच्याच कंपनीने ब्राउनी हा कॅमेरा केवळ एका डॉलरला आणला. छायाचित्रण ही तज्ज्ञांची विद्या राहिली नाही. ती घराघरांतली सवय झाली.

मराठी मध्यमवर्गात ही सवय रुजली ती स्वातंत्र्योत्तर काळात. ‘आग्फा क्लिक ३’ हा डबा कॅमेरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याच्या रोलचा हिशेबही आठवत असेल. १२० क्रमांकाचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. एक मुंजीला, दोन बारशाला, तीन महाबळेश्वरच्या सहलीला, असे ते जपून वापरायचे. रोल ‘धुवायला’ द्यायचा आणि चार-आठ दिवस वाट पाहायची. बारांपैकी दोन पांढरे, एकात कोणाचे तरी डोळे मिटलेले. उरलेले अल्बमच्या काळ्या पानांवर कागदी कोपऱ्यांत बसवायचे. खर्च होता म्हणून निवड होती, आणि निवड होती म्हणून प्रत्येक फोटोला एक कारण होते.

हे कारण बहुधा कुटुंबाचेच असे. पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये छायाचित्रणाच्या सामाजिक उपयोगांवर ग्रंथ लिहिला. ज्या घरांत मुले आहेत त्या घरांत कॅमेरा अधिक आढळतो, असे त्यांनी दाखवून दिले. कुटुंब एकत्र येते तेव्हा फोटो निघतो, आणि फोटो निघाल्याने आपण एक कुटुंब आहोत ही भावना पक्की होते. मराठी घरांतील अल्बम उघडून पाहिले तर या निरीक्षणाची प्रचीती येते. त्यांत लग्ने आहेत, मुंजी आहेत, साठीशांत आहे, गणपतीपुढे बसलेली मुले आहेत.

पण जे नाही तेही पाहण्यासारखे आहे. रोजचे काम नाही. धुण्याचा दगड नाही, चुलीपुढची बाई नाही, आजारपण नाही, भाऊबंदकी नाही. ज्या वडिलांनी कॅमेरा धरला ते स्वतः चित्रात नाहीत. आई आहे, पण पंक्तीत वाढताना पाठमोरी किंवा कडेला अर्धी कापलेली. घरातल्या गड्याचा, मोलकरणीचा फोटो काढावा असे फार थोड्यांना वाटले. अल्बम म्हणजे घराचा इतिहास नव्हे. घराने स्वतःविषयी जे सांगायचे ठरवले त्याचा तो लेखाजोखा आहे, आणि तो वाचताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

हार आणि तसबीर

छायाचित्राचा सर्वांत खोल अर्थ मृत्यूनंतर उलगडतो. ‘फोटोला हार चढणे’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, हा संकेत आजही पाळला जातो. पूर्वी फोटो काढल्याने आयुष्य कमी होते अशी समजूत होती, आणि तिघांनी मिळून फोटो काढू नये असेही म्हणत. या समजुती अडाणीपणाच्या खऱ्या. परंतु प्रतिमा आणि प्राण यांचा काही संबंध आहे, ही त्यांच्या मुळाशी असलेली भावना सुशिक्षितांनाही सुटलेली नाही. मृत आईच्या फोटोवर पाय पडला तर तो शास्त्राचा पदवीधरही चटकन मागे घेतो.

कित्येक घरांत आजीचा स्वतंत्र असा एकही फोटो नसे. ती गेल्यावर कुठल्याशा लग्नाच्या समूहचित्रातून तिचा नखाएवढा चेहरा शोधून स्टुडिओत नेत. छायाचित्रकार तो मोठा करी, शेजाऱ्याचा खांदा खोडून काढी, अंधूक झालेले डोळे ब्रशाने नीट करी. भिंतीवर जी तसबीर लागे ती अर्धी आजीची आणि अर्धी कारागिराची. घरच्यांना तेवढे पुरेसे होई, कारण ती कोणाची आहे हे सांगणारी माणसे घरात होती. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने १९८० साली छायाचित्रणावर जे पुस्तक लिहिले त्याच्या केंद्रस्थानी त्याच्या दिवंगत आईचे बालपणीचे एक छायाचित्र आहे. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापलेली आहेत. हे मात्र त्याने छापले नाही. परक्यांना ते एका मुलीचे सामान्य चित्र वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. चित्राचा अर्थ कागदावर नसतो, पाहणाऱ्याच्या नात्यात असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण.

भिंतीवरची प्रत्येक तसबीर शोकाचीच असते असेही नाही. महाराष्ट्रातील असंख्य दलित घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे छायाचित्र आहे. कोट, टाय, चष्मा घातलेले, बहुधा हाताशी ग्रंथ असलेले. ज्या समाजातील माणसांना साहेबी खंडांनी निनावी नमुना म्हणून टिपले होते, त्यांनी आपल्या भिंतीवर स्वतः निवडलेली प्रतिमा लावली. त्या चौकटीत स्मरण आहे, कृतज्ञता आहे, आणि आपली मुले कशी दिसावीत याविषयीची जिद्दही आहे.

ओळखीचा पुरावा

कुटुंबाबरोबर शासनालाही छायाचित्र हवे असते. परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीचा अर्ज, पासपोर्ट, बँकेचे खाते. पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवल्यावाचून आधुनिक नागरिकाचे पान हलत नाही. कचेऱ्यांत वर्षानुवर्षे फायली हाताळणाऱ्या लिपिकवर्गाला हे सांगायला नको. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ मध्ये, मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिली आधारपत्रे देण्यात आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा एकही फोटो कधी निघाला नव्हता अशा किती कुटुंबांच्या घरात पहिले छायाचित्र सरकारी कार्डावरून आले असेल, याची कल्पना करता येते. त्या फोटोला हौस नव्हती, पडदा नव्हता. पण त्याखाली नाव होते.

नावाशी बांधलेल्या अशा साध्या फोटोची ताकद किती असते, हे अर्जेंटिनात दिसून आले. तेथील लष्करी राजवटीने हजारो तरुण-तरुणींना उचलून नाहीसे केले. एप्रिल १९७७ पासून त्यांच्या आया राजधानीच्या प्लाझा द मायो या चौकात जमू लागल्या आणि पुढे दर गुरुवारी फेरी धरू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात मुलाचा किंवा मुलीचा फोटो. त्यांतले पुष्कळ फोटो ओळखपत्रावरचेच होते. असा कोणी माणूस नाहीच, असे म्हणणाऱ्या राजवटीपुढे त्या मातांनी नाव आणि चेहरा एकत्र धरून उभे केले.

आणि याची दुसरी, भीषण बाजू कंबोडियात आहे. ख्मेर रूज राजवटीच्या काळात, १९७५ ते १९७९ या वर्षांत, नॉम पेन्ह येथील तुरुंगात कैद्यांना मारण्यापूर्वी त्यांचे पद्धतशीर फोटो काढले जात. हजारो निगेटिव्ह मागे राहिल्या. आज त्या तुरुंगाच्या संग्रहालयात भिंतीभर चेहरे लावलेले आहेत. कित्येकांच्या छातीवर क्रमांक आहे, नाव नाही. नातेवाईक तेथे येऊन एकेका चेहऱ्यापुढे थांबत आले आहेत. कोणी ‘हा माझा भाऊ’ म्हटले की एक क्रमांक पुन्हा माणूस होतो.

विपुलतेतील दारिद्र्य

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा जुळवला. एक अंधूक कृष्णधवल चित्र साध्या कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. त्या यंत्राच्या वंशजांनीच पुढे फिल्मचा धंदा बुडवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. बारा फोटोंचा रोल गेला. त्याबरोबर खर्च गेला, वाट पाहणे गेले आणि निवडही गेली.

या बदलाबद्दल तरुण पिढीला दोष देण्याची प्रथा पडली आहे. ती रास्त नाही. आजचा विद्यार्थी फोटो काढतो तो नेहमी जपून ठेवण्यासाठी काढत नाही. फळ्यावरचे गणित, बसचे वेळापत्रक, मेसमधले ताट. तो फोटोने बोलतो. बोललेले प्रत्येक वाक्य जपायचे नसते, तसे हेही. शिवाय पूर्वी ज्या आईला अल्बममध्ये कडेची जागा होती, तिचे आज शेतात, स्वयंपाकघरात, हसताना, रागावताना फोटो निघतात. ही जमेची बाजू नाकारता येत नाही.

तथापि कॅमेऱ्याने टिपले म्हणजे आपण लक्षात ठेवले, हा समज मात्र तपासून घ्यावा लागेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांवर प्रयोग करून २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी नुसते फोटो काढले त्या त्यांना, केवळ पाहिलेल्या वस्तूंच्या मानाने, कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन ज्यांनी फोटो काढला त्यांच्या स्मरणात अशी घट दिसली नाही. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. लक्ष दिले तर स्मरण राहते. लक्ष देण्याचे काम यंत्रावर सोपवले तर राहत नाही.

हीच गोष्ट कौटुंबिक छायाचित्रांची आहे. फोनमधले यंत्र फोटोबरोबर तारीख, वेळ आणि ठिकाणही नोंदवते. सारखे चेहरे ते एकत्र लावते. पण चित्रात डावीकडे बसलेल्या बाई कोण, त्यांना सगळे ताई का म्हणत, विधवा झाल्यावर त्यांनी शिवणयंत्रावर तीन भावंडांची शिक्षणे कशी केली, हे यंत्राला कळत नाही. ते सांगणारे माणूस गेले की ती बाई पुन्हा ‘द पीपल ऑफ इंडिया’तल्या अनाम स्त्रीसारखी होते. एवढेच की या वेळी तिचे नाव कोणा परक्या राज्यकर्त्याने नव्हे, तर घरच्यांनीच गाळलेले असते.

पेन्सिलीच्या दोन ओळी

कागदावरच्या छायाचित्रांनाही आयुष्याची मर्यादा आहे. विशेष म्हणजे पणजोबांचा कृष्णधवल फोटो अनेकदा स्पष्ट राहतो आणि १९७५-८० च्या सुमाराच्या लग्नाचे रंगीत फोटो तांबूस होऊन जातात. कृष्णधवल चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते; त्या काळच्या रंगीत चित्रांतली रंगद्रव्ये कालांतराने विरतात आणि निळसर द्रव्य आधी विरल्याने लाली उरते. कोकणच्या दमट हवेत फोटोवरील जिलेटिनच्या थराला बुरशी धरते. फोनमधले फोटो फोन हरवला, बिघडला की जातात. ही हानी पूर्णपणे थांबवता येणार नाही, लांबवता येईल. फोटो कोरड्या जागी ठेवणे, त्यांची नक्कल करून ती दोन-तीन ठिकाणी ठेवणे, एवढे कोणालाही शक्य आहे.

नावांची हानी मात्र टाळता येण्यासारखी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. मऊ शिशाच्या पेन्सिलीने फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने दोन ओळी लिहायच्या: डावीकडून कोण कोण, कोणते गाव, साधारण कोणते वर्ष. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते आणि दाबाने चित्रावर वळ येतात, म्हणून पेन्सिलच बरी. फोनमधल्या फोटोंतले सगळे सांभाळण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. वर्षाकाठी बारा निवडावे, त्यांच्या प्रती काढाव्या आणि त्यांवरही नावे घालावी. जुन्या रोलने पैशापोटी जी शिस्त लावली होती ती आता आपण होऊन पाळायची, इतकाच याचा अर्थ.

शाळांना यात बरेच करता येईल. पुष्कळ जुन्या शाळांच्या कार्यालयांत दहावी-अकरावीच्या वर्गांची समूहचित्रे टांगलेली असतात. पुढे जमिनीवर मुले, मध्ये खुर्च्यांवर गुरुजन, पाटीवर वर्ष. खालच्या पुठ्ठ्यावर नावे छापलेली असतील तर ते चित्र शाळेचा दस्तऐवज ठरते. नसतील तर ती भिंतीची शोभा. निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी हयात आहेत तोवर ती नावे मिळवता येतात. मुलांना सुटीत एक स्वाध्याय द्यावा: घरातला सर्वांत जुना फोटो घ्यावा, घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसावे, आणि त्यातल्या प्रत्येकाची हकिकत वहीत उतरवावी. इतिहासाची साधने कशी तयार होतात हे त्यातून मुलांना जितके उमगेल तितके व्याख्यानाने उमगणार नाही.

जपानच्या त्या गावात धुऊन वाळवलेली छायाचित्रे पाहायला येणाऱ्यांत वृद्ध माणसे पुष्कळ होती. त्यांना चेहरे ओळखता येत होते, म्हणून छायाचित्रे घरी परत गेली. ज्यांना ओळखणारेच वाहून गेले ती मागे राहिली. मराठी घरांवर तशी लाट आलेली नाही. येथे एकेक आजोबा, एकेक आत्या शांतपणे निघून जाते आणि तिच्याबरोबर अल्बमची दहा-वीस पाने मुकी होतात. त्या पानांवरची माणसे कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती आज घरात असेल, तर विचारण्याचे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.